पेट स्कॅनवरून आयुर्मानाचा अंदाज: 1.6 हा आकडा आला कुठून?

ग्लायोमा या मेंदूतल्या गाठीचा रुग्ण किती काळ काढेल, हे पेट स्कॅनवरून, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ टोचून काढलेल्या चित्रावरून, सांगायचे प्रयत्न 1980 च्या दशकात अमेरिकेत सुरू झाले. तेव्हा हाताशी एफडीजी होतं, म्हणजे किरणोत्सारी ग्लुकोज. जास्त ग्लुकोज ओढणाऱ्या गाठींचे रुग्ण लवकर दगावतात, असं 1985 पर्यंत छापूनही आलं. पण निरोगी मेंदूही ग्लुकोजवरच चालतो, त्यामुळे पडद्यावर सगळंच उजळतं आणि गाठीची कड सापडत नाही.

म्हणून गाठ निरोगी मेंदूपेक्षा जास्त ओढते त्या अमिनो आम्लांकडे मोर्चा वळला. मेथिओनिनमधल्या कार्बन-11 चं अर्धायुष्य 20 मिनिटांचं, म्हणजे सायक्लोट्रॉन (असे किरणोत्सारी अणू बनवणारं यंत्र) जवळच हवा. फ्लोरिन-18 लावलेलं एफईटी हे अमिनो आम्ल 1990 च्या दशकाअखेरीस जर्मनीत तयार झालं. त्याचं अर्धायुष्य सुमारे 110 मिनिटं असल्यामुळे ते गाडीतून दुसऱ्या रुग्णालयात पोचवता येतं. आपल्याकडे परळला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आला तो 2002 मध्ये.

2005 मध्ये छापलेल्या एका चाचणीत किरणोपचारासोबत टेमोझोलोमाइड हे औषध दिल्यावर ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत घातक ग्लायोमातलं मध्यक आयुर्मान 12.1 वरून 14.6 महिन्यांवर गेलं. मग एमआरआयवर गाठ वाढल्यासारखी दिसू लागली, जी पुष्कळदा नुसती उपचारांची प्रतिक्रिया निघे. खरी वाढ की प्रतिक्रिया, हे ओळखायला एफईटीचं महत्त्व वाढलं ते इथून.

खरा वाद मात्र 1.6 चा. गाठीतलं शोषण निरोगी बाजूच्या 1.6 पट किंवा जास्त असेल तर ती जागा गाठीत धरायची, असा पायंडा आहे. हा आकडा 2005 च्या एका बायोप्सी-अभ्यासातला. तिथे प्रश्न साधा होता: सुई टोचली तिथे गाठ आहे की नाही? रुग्ण किती जगेल, हे त्या आकड्याला कुणी विचारलंच नव्हतं. पुढे याच रेषेच्या आतलं घनफळ मोजून, किरणोपचाराआधी ते मोठं असेल तर आयुष्य कमी, असे निष्कर्ष निघाले. निष्कर्ष टिकाऊ आहेत, रेषा तेवढी पक्की नाही. निरोगी बाजूचा आकडा 1.0 आला तर रेषा 1.6 वर, 1.1 आला तर 1.76 वर, आणि गाठ कागदावर आपोआप लहान! तो आकडा कुठून घ्यायचा, मेंदूच्या नुसत्या करड्या भागातून की पांढऱ्यासकट, यावर बराच काळ ज्याची त्याची पद्धत होती.

त्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या वर्गीकरणात आयडीएच जनुकातला बदल निदानाचाच भाग झाला, आणि आधीच्या कित्येक अभ्यासांत वेगवेगळ्या जातीचे रुग्ण एकाच टोपलीत होते हे उघड झालं. ऑलिगोडेंड्रोग्लायोमा हा ग्लायोमाचा दुसरा प्रकार एफईटीवर झगझगीत उजळतो, तरी त्याचे रुग्ण ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांपेक्षा कितीतरी जास्त जगतात.

माझ्या मते शोषणाचा आलेख जास्त बोलका. इंजेक्शनपासून सुमारे 40 मिनिटं सलग चित्रण करायचं. आलेख लवकर शिखर गाठून उतरू लागला तर लक्षण वाईट, मग साध्या चित्रात गाठ फिकी का दिसेना. पण रांग लागलेल्या विभागात एका रुग्णासाठी यंत्र एवढा वेळ अडवून ठेवणं परवडत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी शेवटच्या 20 मिनिटांचंच चित्र घेतात.