समुपदेशनातला उपदेश

‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटातच ‘उपदेश’ असल्यामुळे की काय, पण पहिल्यांदा येणारा प्रौढ माणूस बहुधा चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकून घेण्याच्या तयारीनेच येतो. त्या गोष्टी त्याला घरीही ऐकवून झालेल्या असतात, आणि त्यांनी भागले असते तर तो नागपूरच्या धरमपेठेतल्या दवाखान्याचा जिना चढलाच नसता.

समोर बसलेली व्यक्ती काय शिकून तिथे बसली आहे, हे विचारायला आपल्याकडे लोक संकोचतात. दातांच्या डॉक्टरची पदवी निरखून वाचणारेही इथे गप्प राहतात. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर पुढचे शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि औषधे तो लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा भर बोलण्यातून होणाऱ्या उपचारांवर असतो. त्याच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले शिक्षण असावे, असे २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो, आणि एम.ए.नंतर देखरेखीखाली रुग्ण पाहत केलेला दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. हा त्यासाठीचा आजवरचा रुळलेला मार्ग राहिला आहे. ‘समुपदेशक’ या पाटीमागे मात्र वर्षानुवर्षांचा अभ्यास असू शकतो, तसाच काही आठवड्यांचा वर्गही. म्हणून विचारावेच.

मनोविश्लेषणाच्या परंपरेत तयार झालेले अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अॅरन बेक यांना १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांशी बोलताना असे आढळले, की प्रसंग आणि भावना यांच्या मध्ये एक विचार क्षणार्धात येऊन जातो, आणि तो इतका सवयीचा असतो की माणसाला तो विचार न वाटता वस्तुस्थितीच वाटते.

अजनीत राहणारा, रेल्वेतला पंचेचाळिशीचा एक गृहस्थ कल्पू या. “झोपच येऊन नाही राहिली, मॅडम, एखादी गोळी द्या,” असे तो समुपदेशक बाईंना म्हणतो. थायरॉइडसारखे शारीरिक कारण तपासून घ्यायला सांगून मॅडम त्याला चार रकान्यांचा एक कागद देतात: प्रसंग, मनात आलेला विचार, भावना, पुरावा. पहिल्या आठवड्यात तो लिहितो: ‘साहेबांनी सकाळी नमस्कार घेतला नाही. आपली बदली ठरली. भीती, शंभरपैकी ऐंशी.’ पुराव्याचा रकाना कोराच. त्यावर “असे काही नसते हो” म्हणणे सोपे होते. पण मॅडम तसे न म्हणता साहेब त्या वेळी काय करत होते, एवढेच विचारतात. बराच वेळ आठवून तो सांगतो, की त्यांच्या कानाला फोन होता आणि त्यांनी कोणाचाच नमस्कार घेतला नव्हता. हे उत्तर त्याचे त्याला सापडलेले असते, आणि सगळी मेहनत त्यासाठीच असते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ साली उपचारातल्या सहकार्याचे तीन भाग सांगितले: ध्येयावर एकमत, कामावर एकमत आणि परस्परांतला विश्वास. प्रौढांच्या बाबतीत पहिले दोन भाग विशेष महत्त्वाचे वाटतात, कारण संसार आणि नोकरी निभावलेल्या माणसाला कोणी परस्पर गृहपाठ दिलेला रुचत नाही.

झोपेसाठी ठरते ते असे, की अंथरुणात तळमळत पडायचे नाही. उठून बाहेरच्या खोलीत बसायचे आणि डोळे जड झाले की मगच परत यायचे. रात्री दोन वाजता बाहेर दिवा पाहून बायको विचारू लागते, तेव्हा तिला काय सांगायचे आणि पुढच्या भेटीला सोबत आणायचे का, हे मॅडम त्याच्यावरच सोपवतात.