गुठळी ओढायची की शोषायची?

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मधल्या धमनीचा पहिला भाग जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर रुंद असतो. तिथे गुठळी बसली की विरुद्ध बाजूचा हात-पाय लुळा पडतो, तोंड वाकडे होते आणि डाव्या मेंदूतली धमनी असेल तर बहुधा वाचाही जाते. हाच मेंदूचा झटका, म्हणजे स्ट्रोक. साडेचार तासांच्या आत अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देतात. पण मोठ्या वाहिनीतल्या लांब गुठळीपुढे ते फिके पडते. आठ मिलिमीटरपेक्षा लांब गुठळी नुसत्या अल्टेप्लेजने क्वचितच सुटते. मग जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून ती बाहेर काढावी लागते. यालाच थ्रॉम्बेक्टॉमी म्हणतात.

ही कल्पना रुळायला वेळ लागला. अमेरिकेत २००४ मध्ये परवानगी मिळालेले ‘मर्सी’ हे पहिले उपकरण म्हणजे मळसूत्रासारखी वेटोळी तार होती. २०१३ मध्ये तीन चाचण्यांनी नळी घालून केलेल्या उपचाराचा वेगळा फायदा दिसत नाही असे सांगितले, तेव्हा अनेकांनी हा मार्ग संपला असेच मानले. दोनच वर्षांत चित्र पालटले. नव्या पाच चाचण्यांत १,२८७ रुग्ण होते. त्यांची एकत्रित आकडेवारी पाहिली, तर तीन महिन्यांनी स्वतःची कामे स्वतः करू शकणारे रुग्ण थ्रॉम्बेक्टॉमीच्या गटात ४६ टक्के आणि नुसत्या औषधोपचाराच्या गटात २६.५ टक्के निघाले. मधल्या काळात उपकरणे सुधारली होती, पण तेवढ्याने हे झाले नाही. आता सीटी अँजिओग्राफीने, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी तपासणीने, मोठी वाहिनी खरोखर बंद आहे याची खात्री करूनच रुग्ण निवडले जात होते, आणि कामही झपाट्याने होत होते.

स्टेंट रिट्रीव्हर ही ओढून काढायची पद्धत. मानेतल्या कॅरोटिड धमनीत जाड गाइड कॅथेटर (बाकीची उपकरणे आत नेणारी नळी) ठेवतात. त्यातून ०.०१४ इंचाची तार आणि तिच्यावरून साधारण ०.०२१ इंच पोकळीचा मायक्रोकॅथेटर गुठळीच्या पलीकडे नेतात. गुठळीपलीकडची वाहिनी चित्रात दिसत नसल्याने हा टप्पा जवळजवळ अंदाजाने करावा लागतो आणि तारेने वाहिनीला भोक पडण्याचा धोका इथेच सर्वांत जास्त. मग नायटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या लवचीक मिश्रधातूचा जाळीदार स्टेंट आतून टोकापर्यंत सरकवून मायक्रोकॅथेटर मागे घेतात, म्हणजे स्टेंट गुठळीतच उमलतो. जाळीच्या तारा गुठळीत रुतायला तीन ते पाच मिनिटे द्यावी लागतात, आणि घाईत हीच मिनिटे हमखास कापली जातात. शेवटी स्टेंट सावकाश ओढायचा आणि त्याच वेळी गाइडमधून जोरात शोषण चालू ठेवायचे.

ओढताना आख्खी धमनी ताणली जाते. तिला फुटलेल्या केसासारख्या फांद्या तुटून मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचू शकते. कॅरोटिडच्या नागमोडी वळणावर किंवा गाइडच्या तोंडाशी गुठळीचा तुकडा सुटतो आणि तोवर शाबूत असलेल्या पुढच्या मेंदू-धमनीत जाऊन बसतो. म्हणजे एका झटक्यावर उपचार करताना दुसरा.

शोषून काढायच्या पद्धतीत गुठळी ओलांडावी लागत नाही. रुंद, मऊ टोकाचा कॅथेटर गुठळीच्या तोंडाला टेकवायचा आणि पंप किंवा ६० मिलीची सिरिंज लावायची. नळीतले रक्त थांबले की पकड बसली. दीड-दोन मिनिटे थांबून कॅथेटर तसाच मागे आणायचा. स्ट्रॉने शहाळ्याचे पाणी पिताना मलईचा तुकडा तोंडाशी चिकटतो, तसेच काहीसे. अडचण तिथवर पोहोचण्याची आहे. डोळ्याची धमनी जिथून निघते त्या कंगोऱ्यावर रुंद नळीची कड अडते आणि आत बारीक नळी घालून ती फट भरावी लागते. शिवाय पकड सुटून रक्त मोकळे वाहू लागले, तर पंप चालू ठेवण्यात रुग्णाचे रक्तच वाया जाते. आणखी एक शिस्त: नंतर चित्र घेण्याआधी गाइड कॅथेटर उलट शोषून स्वच्छ करायचा, नाहीतर त्यात अडकलेली गुठळी आपणच डायच्या (चित्रात वाहिनी दिसावी म्हणून सोडायच्या द्रवाच्या) दाबाने परत मेंदूत ढकलू.

इथे नळीची रुंदी का महत्त्वाची, ते साध्या गणितातून कळते. पकडीचा जोर म्हणजे दाबातला फरक गुणिले तोंडाचे क्षेत्रफळ. जवळजवळ पूर्ण निर्वात धरला तर ०.०४१ इंचाच्या नळीत साडेआठ ग्रॅम वजनाइतका जोर मिळतो, ०.०६० मध्ये सुमारे १८, ०.०७० मध्ये २५ आणि ०.०८८ मध्ये ३९ ग्रॅम. अर्थात नळीचे तोंड तिरके टेकले की हे गणित कोलमडते.

मग सरस कोण? फ्रान्समधल्या ‘ॲस्टर’ चाचणीत (२०१७, ३८१ रुग्ण) वाहिनी समाधानकारक उघडण्याचे प्रमाण शोषणाने ८५.४ आणि स्टेंटने ८३.१ टक्के होते. मात्र पहिली पद्धत फसल्याने दुसरे उपकरण काढावे लागण्याची वेळ शोषणाच्या गटात सुमारे ३३ टक्के रुग्णांवर आली, तर स्टेंटच्या गटात २४ टक्क्यांवर. ‘कंपास’ चाचणीत (२०१९, २७० रुग्ण) तीन महिन्यांनी स्वावलंबी असलेले रुग्ण शोषणाच्या गटात ५२ आणि स्टेंटच्या गटात ५० टक्के निघाले. दोन्ही एकदम वापरून पाहणाऱ्या ‘ॲस्टर २’मध्ये (२०२१) जवळपास पूर्ण प्रवाह सुरू होण्याचे प्रमाण दोन्ही मिळून ६४.५, तर नुसत्या स्टेंटने ५७.९ टक्के होते, पण हा फरक योगायोगाचा असू शकतो असेच संख्याशास्त्र सांगते. थोडक्यात बरोबरी. ही उपकरणे एकदाच वापरायची आणि महागडी. खिशातून पैसे भरणाऱ्या रुग्णासाठी आधी शोषून पाहायचे आणि जमले नाही तरच स्टेंटचे पाकीट फोडायचे, हा क्रम आम्हाला शहाणपणाचा वाटतो.

पद्धतीपेक्षा पहिल्याच फेरीत वाहिनी उघडणे जास्त मोलाचे ठरते. फेऱ्या वाढल्या की वाहिनीचे अस्तर सोलवटते, रक्तस्राव वाढतो आणि वेळही जातो. ओढताना वरून येणारा प्रवाह रोखण्यासाठी गाइडच्या टोकाला फुगा असलेली नळी वापरणे तर्काला पटणारे होते. पण चीनमधल्या ‘प्रोटेक्ट एमटी’ चाचणीत (२०२४) फुग्याच्या गटाचीच प्रकृती वाईट निघाली आणि चाचणी लवकर थांबवावी लागली.

गुठळीचा स्वभावही पाहावा लागतो. लाल पेशींनी भरलेली गुठळी मऊ असते, साध्या सीटीत पांढरी चमकते आणि सहसा पटकन निघते. फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांची, गुठळी चिवट. स्टेंट तिच्यात रुतत नाही, नुसता बाजूने घसरतो. भारतीय रुग्णांत आणखी एक प्रकार वारंवार भेटतो: मेंदूतली धमनी आधीच चरबीच्या थराने अरुंद झालेली, आणि त्यावर गुठळी. ती काढली की रक्त वाहू लागते आणि काही मिनिटांत परत थांबते. म्हणून अशी शंका असेल तर १०-२० मिनिटे थांबून पुन्हा चित्र घ्यावे. तिथे स्टेंट पुन्हा पुन्हा ओढणे म्हणजे जखम खरवडणे. टिरोफिबानसारखे रक्तातल्या प्लेटलेट्सना चिकटू न देणारे औषध, फुगा किंवा कायमचा स्टेंट लागतो.

बारीक फांद्यांमध्ये मात्र हे यश अजून पोहोचलेले नाही. मध्यम आणि दूरच्या धमन्यांसाठी झालेल्या ‘डिस्टल’ आणि ‘एस्केप मेव्हो’ या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन्ही चाचण्यांत थ्रॉम्बेक्टॉमी नुसत्या औषधोपचारापेक्षा सरस ठरली नाही. तिथे वाहिनीची भिंत पातळ असते आणि वाचवायचा मेंदूचा भाग लहान, त्यामुळे धोक्याचे पारडे चटकन जड होते.