ऑक्सिजन मशीन घरी नेताना : दम थांबला म्हणून नळी काढू नका

"मशीन चालू आहे, तरी बाबांचे पाय सुजलेत. मशीन बिघडलंय का, जरा बघून जा." आम्ही घरी ऑक्सिजन मशीन भाड्याने देतो, आणि असा फोन आम्हाला वारंवार येतो, पावसाळ्यात तर जास्तच. आमचा माणूस बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, निपाणी, जिथून बोलावणं येईल तिथं जातो. मशीन उघडून तपासतो. ऑक्सिजनची शुद्धता नव्वद टक्क्यांच्या वर असते, फ्लो बरोबर असतो. मग तो मशीनवरचा तासांचा आकडा वाचतो : महिन्याभरात ७० तास. डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे रोज १५ तास धरले तर तो ४५० हवा होता.

विचारलं की उत्तर ठरलेलं. "दम लागला की लावतो, बरं वाटलं की काढून ठेवतो." घरच्यांनी असं समजणं साहजिक आहे. पण दम थांबला म्हणजे रक्तातला ऑक्सिजन पुरेसा झाला, असं नसतं. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार. त्याच्या जुन्या रुग्णांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर कित्येकदा ८४ टक्के, म्हणजे कमीच, दिसतो आणि ते निवांत चहा पीत बसलेले असतात. शरीराला त्याची सवय झालेली असते. हृदयाला मात्र ती होत नाही.

फुफ्फुसाच्या ज्या भागात ऑक्सिजन कमी, तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात. थोडाच भाग आजारी असेल तर हे सोयीचं, कारण रक्त चांगल्या भागाकडे वळतं. पण वर्षानुवर्षं चुलीचा धूर, बिडी किंवा फाउंड्रीतली धूळ छातीत गेलेली असेल तर दोन्ही फुफ्फुसं कमजोर होतात आणि सगळीकडच्याच वाहिन्या आवळून बसतात. फुफ्फुसात रक्त ढकलायचं काम हृदयाच्या उजव्या बाजूचं. तिची भिंत पातळ, कमी दाबावर चालायची सवय. वाटच आवळलेली, म्हणून तिला दर ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. त्यात ऑक्सिजन कमी म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवतं, रक्त दाट होतं आणि ताण आणखी वाढतो. पुढे उजवी बाजू थकते, रक्त मागे तुंबतं. मानेच्या शिरा फुगतात, यकृत सुजून उजव्या बरगडीखाली जड वाटतं, पाय सुजतात. बाबांच्या पायांवरची सूज अनेकदा ही असते. अशा वेळी आमच्याआधी डॉक्टरांना फोन करा.

पंधरा तासांचा आकडा आम्ही भाडं वाढावं म्हणून सांगत नाही. आमचं भाडं महिन्याचं आहे, तासाचं नाही. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात असे ८७ रुग्ण पाच वर्षं पाहिले गेले. ऑक्सिजन न दिलेल्या ४५ पैकी ३० दगावले, रोज निदान १५ तास घेणाऱ्या ४२ पैकी १९. आधीच्या वर्षीच्या अमेरिकेतल्या अभ्यासातही फक्त रात्री घेणाऱ्यांपेक्षा जवळपास दिवसभर घेणारे जास्त जगले.

झोपेत ऑक्सिजन आणखी उतरतो, म्हणून रात्रीचे तास चुकवू नका. जेवताना, टीव्ही बघताना नळी राहू द्या. घरात फिरता यावं म्हणून आम्ही पंचवीस फुटी नळी देतो. करंटच्या बिलाची काळजी असते, तर हिशेब असा : पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॅटचं, म्हणजे पंधरा तासांना सव्वापाच युनिट.

दम वाढला म्हणून फ्लोचं बटण मात्र स्वतः फिरवू नका. सीओपीडीच्या रुग्णांत जादा ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो. त्यांचा ऑक्सिमीटरवरचा आकडा डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ टक्क्यांच्या मध्ये ठेवायला सांगतात. चूल, देवघरातली निरांजन आणि बिडी मशीनपासून लांब हवी.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही मशीन देत नाही, यावर काही जण रागावतात. पण त्या चिठ्ठीवर लिटर आणि तास लिहिलेले असतात, आणि तेच आम्ही मशीनवर चिकटवून देतो. पावसात करंट जातो, म्हणून खानापूरकडच्या घरांना सोबत बी टाइप, म्हणजे छोटा, ऑक्सिजन सिलिंडर घ्यायला सांगतो. मिनिटाला दोन लिटरवर तो साधारण बारा तास पुरतो, रिकामा झाला की घरपोच बदलून देतो.

दर महिन्याच्या एक तारखेला मशीनवरच्या तासांच्या आकड्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवा. आकडा कमी दिसला तर आम्हीच फोन करू.