कपोनला गजाआड कोणी केलं?

शिकागोचा डॉन अल कपोन याला दारूबंदी खात्याचा अधिकारी एलियट नेस याच्या पथकाने तुरुंगात धाडलं, असं आजही सर्रास सांगितलं जातं. तसं झालेलं नाही. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती आणि नेसने कपोनचे दारूचे अड्डे फोडले, हे खरं. पण दारूबंदी मोडल्याचा कपोनवरचा खटला चाललाच नाही. कपोन अडकला आयकर बुडवल्याच्या खटल्यात. बेकायदा कमाईवरही कर लागतो, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्येच स्पष्ट केलं होतं. कपोनच्या जुगारअड्ड्यावरच्या जुन्या छाप्यात जप्त झालेल्या हिशेबाच्या वह्या करखात्याच्या फ्रँक विल्सनला कपाटात सापडल्या. त्याने हस्ताक्षरावरून हिशेबनीस शोधला आणि साक्षीला उभा केला. सरकारी वकील होते जॉर्ज जॉन्सन. ऑक्टोबर १९३१ मध्ये कपोनला ११ वर्षांची शिक्षा झाली. श्रेय जॉन्सन-विल्सन यांना मिळायला हवं होतं. ते अजूनही मिळत नाही.