प्रशिक्षण ग्लायडर (हलक्या विमानांपासून केलेले)

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने लहान टेहळणी विमानांची एंजिने काढून आणि नाकात तिसऱ्या माणसाची जागा करून तयार केलेले लष्करी ग्लायडर. एरोंका टीजी-५, टेलरक्राफ्ट टीजी-६ आणि पायपर टीजी-८ हे त्यांतले तीन प्रकार. १९४२ च्या सुमारास प्रत्येक प्रकाराचे सुमारे अडीचशे ग्लायडर बांधले गेले.

१० मे १९४० रोजी जर्मन सैनिक ग्लायडरमधून बेल्जियमच्या एबेन-एमाएल किल्ल्याच्या थेट माथ्यावर उतरले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने आपला ग्लायडर कार्यक्रम हाती घेतला. वैमानिक हजारोंनी हवे होते आणि शिकवायला ग्लायडर मात्र मोजके. त्यातही जे होते ते हौशी उड्डाणाच्या परंपरेतले: लांब पंखांचे, हवेत तरंगत राहणारे. प्रत्यक्ष युद्धात चालवायचा वाको सीजी-४ए हा बोजड मालवाहू ग्लायडर ओढणाऱ्या विमानाचा दोर सुटला की भराभर खाली येई. तरंगण्यात पटाईत झालेल्या माणसाला त्याचा फारसा उपयोग नव्हता. त्यामुळे सुरुवातीच्या काळात प्रशिक्षणार्थींना साध्या विमानात बसवून, हवेत एंजिन बंद करून उतरायला लावत. मग एंजिन उगाच वाहायचे तरी कशाला?

या विमानांतले कॉन्टिनेंटल ए-६५ एंजिन ६५ अश्वशक्तीचे आणि साधारण ७७ किलो वजनाचे, म्हणजे जवळपास एका माणसाइतके. एंजिनाच्या जागी माणूस बसवला की विमानाचा तोल फारसा ढळत नाही. साऱ्या बदलाची मेख इथेच आहे. पंख आणि धडाचा मागचा भाग बहुतांशी मूळचाच राहिला. एकामागे एक तिघे बसत, त्यामुळे एका शिक्षकाला दोन प्रशिक्षणार्थी बरोबर नेता येत. ओढदोरासाठी आकडा आला. एंजिनाचा पंखा (प्रॉपेलर) नसल्याने तो जमिनीला लागण्याची भीती उरली नाही आणि चाके खुजी करता आली. टीजी-६ च्या वाढलेल्या नाकामुळे दिशेचे स्थैर्य कमी झाले, म्हणून शेपटीचा उभा पृष्ठभाग मोठा करावा लागला. उतरण्याचा कोन वाढवण्यासाठी पंखांवर स्पॉयलरही (उचलून धरणारा जोर कमी करणाऱ्या झडपा) बसवले. सुंदर ग्लायडर मुद्दाम थोडा वाईट करण्याचाच हा प्रकार, पण कामाला तोच योग्य होता.

कारखाने, सुटे भाग आणि कारागीर आधीच तयार असल्याने उत्पादनात फार वेळ गेला नाही. नौदलानेही काही नमुने घेतले. हे ग्लायडर स्वतः रणांगणावर गेले नाहीत. अमेरिकी वैमानिकांचे वाको मात्र नॉर्मंडीत उतरले, तसेच ५ मार्च १९४४ च्या रात्री आसामातल्या लालाघाटहून ब्रिटिश सेनानी विंगेटच्या चिंडिट (जपानी फळीमागे लढणाऱ्या) सैनिकांना घेऊन ब्रह्मदेशातही गेले.

युद्धानंतर सरकारने शिल्लक ग्लायडर विकायला काढले. हौशी खरेदीदारांनी त्यांतल्या अनेकांना पुन्हा एंजिन बसवून विमान म्हणून उडवले.