दिवा एकच, सिस्टीम दोन: चाकांचा सेट बदलताना टीपीएमएसचं काय करायचं

नागपुरात बर्फ पडत नाही, त्यामुळे हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची चाकं वेगवेगळी ठेवायची पद्धत आपल्याकडे नाही. तरी चाकांचे दोन सेट बाळगणारे आता बरेच दिसतात. कुणी गाडी घेतल्या घेतल्या घाट रोडवर जाऊन मोठे अलॉय बसवतो आणि कंपनीची चार चाकं गाडी विकताना कामी येतील म्हणून सज्जावर टाकून ठेवतो. कुणाची काटोलकडे संत्र्याची बाग असते. तो तिथल्या रस्त्यासाठी जाड नक्षीचे टायर दुसऱ्या डिस्कवर (रिमवर) चढवून ठेवतो आणि मुंबईला जायचं ठरलं की हायवेचा सेट लावतो. चाकं बदलली, नट आवळले, गाडी निघाली आणि मीटरमध्ये पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालेसारखी आकृती आणि मध्ये उद्गारचिन्ह.

हा दिवा टीपीएमएसचा, म्हणजे टायरमधल्या हवेवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचा. तो सगळ्या गाड्यांत सारखाच दिसतो. त्यामागे मात्र दोन अगदी वेगळ्या यंत्रणा असतात आणि एकीचा इलाज दुसरीला चालत नाही. गाडीला सेन्सर लागतच नाहीत अशी माणसं सेन्सर शोधत फिरतात, आणि ज्यांना ते लागतात त्यांना कुणीतरी ‘रीसेट मारा, जाईल’ असं सांगून परत पाठवतं. पैसे जातात ते जातातच, पण टायरमधली खरी हवा किती हे कळायचं राहून जातं, आणि ते मला जास्त लागतं.

पहिली यंत्रणा थेट मोजणारी. प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्वच्या मुळाशी, एक छोटा सेन्सर असतो. तो हवेचा दाब आणि तापमान मोजतो आणि रेडिओने गाडीला कळवतो. आपल्याकडच्या आणि युरोपातल्या गाड्यांत हे ४३३ मेगाहर्ट्झवर चालतं, अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्यांत ३१५ वर. म्हणून बाहेरून स्वस्तात मागवलेला सेन्सर दिसायला हुबेहूब असला तरी आपली गाडी त्याचं काही ऐकत नाही, असं होऊ शकतं. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा नंबर असतो आणि गाडी फक्त ओळखीच्या नंबरांचंच ऐकते. नाहीतर सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या गाडीची हवा आपल्या मीटरवर दिसली असती.

या यंत्रणेत दुसरा सेट लावताना दोनच प्रश्न असतात. नव्या डिस्कमध्ये सेन्सर आहेत का, आणि असले तर गाडीला त्यांचे नंबर माहीत आहेत का. सेन्सरच नसतील तर गाडी चालू केल्यावर दिवा मिनिटभर ते दीड मिनिट लुकलुकतो आणि मग कायम पेटून राहतो. ही खूण लक्षात ठेवा. लुकलुकून पेटला तर यंत्रणेत बिघाड आहे किंवा सेन्सर सापडत नाही. सरळ पेटला तर कुठल्यातरी चाकात हवा कमी आहे.

नंबर शिकवायच्या पद्धती गाडीगणिक बदलतात. काही गाड्या थोडा वेळ उभ्या राहून मग पंधरा-वीस मिनिटं चालल्या की आपणहून शिकतात. काहींना ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडणी करायच्या जागी, टूल लावून नंबर भरावे लागतात. काहींमध्ये लर्न मोड लावून एकेका चाकाजवळ हातातला ट्रिगर धरतात. तो १२५ किलोहर्ट्झचा इशारा देऊन सेन्सर जागा करतो. वर्षातून तीन-चारदा सेट बदलणाऱ्याने सरळ क्लोन होणारे सेन्सर घ्यावेत. जुन्या सेन्सरचा नंबर नव्यात उतरवला की कुठलाही सेट लावला तरी गाडीला फरक कळत नाही. फक्त दुसरा सेट डिकीत टाकून प्रवास करू नका, कारण मग एकाच नंबरचे दोन सेन्सर गाडीशी बोलायला लागतात.

व्हॉल्वकडे मात्र बारकाईने पाहा. सेन्सरचा व्हॉल्व बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा असतो, त्याच्या बुडाशी षटकोनी नट दिसतो आणि आतली पिन निकेलचा मुलामा दिलेली असते. पंक्चरच्या दुकानात पिन हरवली तर डब्यातली साधी पितळी पिन सहज लावून देतात. पितळ आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून ओल मिळाली की गंज धरतो, आणि वर्ष-दोन वर्षांत पिन अशी जाम होते की काढताना व्हॉल्वच मोडतो. हौसेने लावलेल्या धातूच्या चकचकीत टोप्यांचंही तेच होतं. प्लास्टिकची टोपी लावा. आणि टायर मशीनवर चढायच्या आधीच कारागिराला सांगा, ‘भाऊ, आत सेन्सर आहे, व्हॉल्वजवळ दाबू नका.’ बीड, म्हणजे टायरची रिमला घट्ट बसलेली कड, सोडवणारं पातं नेमकं तिथे बसलं तर सेन्सरचा तुकडाच हातात येतो.

दुसरी यंत्रणा अप्रत्यक्ष. हिच्यात चाकाच्या आत काहीच नसतं. ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या एबीएससाठी प्रत्येक चाकाच्या हबपाशी वेग मोजणारा सेन्सर असतोच, त्याच्याच आकड्यांवरून गाडी अंदाज बांधते. हवा कमी झाली की टायरची त्रिज्या किंचित घटते आणि ते चाक बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त फिरतं. फोक्सवॅगन गटाच्या अनेक गाड्यांत हीच पद्धत आहे. हे सेन्सर हबवरच राहत असल्याने तुम्ही कुठलाही सेट आणा, सेन्सर विकत घ्यायचा प्रश्नच येत नाही. हवा नीट भरायची, मेन्यूतून किंवा बटणाने रीसेट करायचं आणि वेगवेगळ्या वेगांनी थोडी गाडी चालवायची. तेवढ्यात ती नवा हिशोब बसवून घेते.

हा हिशोब किती नाजूक आहे ते पाहा. हवा कमी झाल्याने फिरण्यात पडणारा फरक एक टक्क्याच्याही आत असतो. आता नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर आणि झिजलेल्याची ३ धरली, तर त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक पडतो. ३३० मिलिमीटरच्या त्रिज्येवर हा साधारण दीड टक्का झाला. म्हणजे पुढचे दोनच टायर नवे टाकले आणि रीसेट केलं नाही, तर गाडी भलत्याच टायरवर संशय घेऊ शकते. २०५/६५ आर १६ वरून २१५/६० आर १७ वर गेलात तर बाहेरचा व्यास अडीच टक्क्यांनी वाढतो. चारही चाकं एकाच मापाची असली की रीसेटनंतर यंत्रणेला ते चालतं. स्पीडोमीटर मात्र तेवढाच कमी वेग दाखवत राहील.

हिची मोठी उणीव अशी की हिला हवा किती हे माहीतच नसतं. फरक तेवढा कळतो. रीसेटच्या क्षणी जी हवा असेल तीच ती बरोबर मानते.

आपल्या गावात हीच गोष्ट धोक्याची ठरते. मे महिन्याच्या दुपारी वर्धा रोडवरून शिवमडक्याला, समृद्धीच्या तोंडाशी पोचेपर्यंत टायर तापलेला असतो. सकाळी ३३ पीएसआय असलेली हवा तिथे ३७-३८ दिसते. माणूस घाबरून हवा काढतो, ३३ वर आणतो, वर दिवा पेटू नये म्हणून रीसेटही करतो. गाडीने आता कमी हवा हीच योग्य म्हणून पाठ केली. कमी हवेचा टायर जास्त दबतो, प्रत्येक फेऱ्यात त्याच्या भिंती जास्त वाकतात, त्याने तो आणखी तापतो, आणि पुढे १२० च्या वेगाने कित्येक तास पळायचं असतं. दारावरच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. हवा सकाळी, गाडी न चालवता तपासायची, आणि रीसेटही तेव्हाच करायचं. तापलेल्या टायरची हवा काढायची नाही.

थंडीत उलटं होतं. उन्हाळ्यात ४० अंशांना भरलेली ३३ हवा डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना, काहीही गळती नसताना, साडेअठ्ठावीसच्या आसपास येते. थेट यंत्रणा हा आकडा दाखवते. अप्रत्यक्ष बहुधा गप्प राहते, कारण चारही चाकं सारखीच उतरलेली असतात. अमेरिकेच्या नियमात शिफारशीपेक्षा २५ टक्के हवा कमी झाली की दिवा लागायलाच हवा. ३३ च्या टायरला ती रेषा पंचविसाच्या जवळ येते. दिवा लागला नाही म्हणजे हवा बरोबर आहे, असं समजू नका.

आपली यंत्रणा कोणती ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. मीटरवर चार चाकांचे चार आकडे दिसत असतील तर ती थेट. मेन्यूत हवेसाठी ‘सेट’ असा पर्याय असेल आणि आकडा कुठेच नसेल तर बहुतेक अप्रत्यक्ष. रबरी व्हॉल्ववरून निष्कर्ष काढू नका, काही सेन्सर रबरी व्हॉल्वचेही असतात.

स्टेपनीचं थोडक्यात. बहुतेक स्टेपन्यांत सेन्सर नसतो, म्हणून थेट यंत्रणेत ती लावली की दिवा लुकलुकणारच. अप्रत्यक्षमध्ये ती लहान मापाची असेल तर खोटा इशारा येतो. मूळ चाक परत लागेपर्यंत रीसेटच्या फंदात पडू नका. २०२० मध्ये केंद्राने मोटार वाहन नियम बदलले. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी सक्तीची राहिली नाही. अशा गाडीत किटमधलं पंक्चरचं रसायन वापरलंत तर नंतर टायर उघडून सेन्सरचं भोक साफ करून घ्या. ते बुजलं की आकडा चुकतो.

व्हॉल्वच्या टोपीच्या जागी बसणारे बाजारातले किट चालतात, पण गाडीच्या दिव्याशी त्यांचा संबंध नसतो. थेट यंत्रणेचा दिवा त्यांच्याने विझणार नाही.

जुना अलॉय सेट सेन्सरसकट विकत घेत असाल तर सेन्सर किती वर्षांचे आहेत ते विचारा. आतली बॅटरी साधारण ५ ते १० वर्षं टिकते, आणि ती बदलता येत नाही, सेन्सरच बदलावा लागतो. सात-आठ वर्षांचे सेन्सर असतील तर त्यांची किंमत शून्य धरूनच भाव करा, आणि टायर मशीनवर असतानाच नवे टाकून घ्या.