वाट चुकलेला खडा आणि दुर्बिणीची पोहोच

नाशिकमध्ये दवाखान्यात ‘दुर्बिणीतून करू’ म्हटलं की त्याचे दोन अर्थ निघतात. पोटाला तीन-चार बारीक छिद्रं पाडून पित्ताशय काढलं तरी दुर्बीण, आणि तोंडातून लवचिक नळी घालून जठर पाहिलं तरी दुर्बीणच. निफाड-कळवणहून आजीला घेऊन आलेल्या घरच्यांची इथे गल्लत झाली तर नवल नाही. पित्ताशयातला खडा आतड्यात जाऊन अडकतो तेव्हा मात्र हा फरक समजून घ्यायलाच हवा.

मोठा खडा वर्षानुवर्षं पित्ताशयात राहिला की पुन्हा पुन्हा सूज येते. पित्ताशय शेजारच्या ड्युओडेनमला, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाला चिकटतं, मधली भिंत झिजते आणि भोक पडतं. त्यातून उतरलेले बारीक खडे शौचावाटे निघून जातात. अडकतो तो साधारण अडीच सेंटिमीटरच्या वरचा, बहुतेकदा लहान आतड्याच्या शेवटच्या, अरुंद टोकाशी. तिथे पोहोचेपर्यंत तो थांबत-सुटत जातो. म्हणून उलट्या होतात, थांबतात, आजीला बरं वाटलं असं घरचे समजतात, आणि पुन्हा सुरू होतात. वयस्कर बायकांमध्ये हा आजार जास्त दिसतो आणि या लपंडावात मोलाचे दिवस जातात, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

या आजाराची पहिली नोंद डेन्मार्कचे वैद्य बार्थोलिन यांनी 1654 मध्ये केली, तीही शवविच्छेदनात. 1890 मध्ये स्विस शल्यचिकित्सक कूर्व्हॉझिए यांनी 131 रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा शंभरातले 44 दगावले होते. 1896 मध्ये फ्रान्सचे डॉक्टर लेऑन बूव्हरे यांनी खडा वरच, जठरातून आतड्यात जाण्याच्या वाटेवर अडकलेले रुग्ण वर्णिले. या दुर्मिळ प्रकाराला आजही त्यांचंच नाव आहे. 1941 मध्ये अमेरिकेतले एक्स-रे तज्ज्ञ रिग्लर यांनी एक्स-रेवरच्या तीन खुणा सांगितल्या: पित्तमार्गात हवा, फुगलेलं आतडं आणि भलत्या जागी दिसणारा खडा. निदान सुधारलं, पण इलाज पोट उघडण्याचाच राहिला.

तोंडातून घालायची, काचतंतूंची लवचिक दुर्बीण 1957 मध्ये अमेरिकेतले डॉक्टर हिर्शोविट्झ यांनी आणली. तिने असा वर अडकलेला खडा तोंडावाटे काढल्याची पहिली यशस्वी नोंद मात्र 1985 ची, इटलीतली. खडा जाळीत किंवा तारेच्या फासात पकडतात. मोठा असेल तर यंत्राने चिरडतात, विजेच्या ठिणगीच्या धक्क्याने किंवा लेसरने फोडतात. कडक, मोठ्या खड्यापुढे हे प्रयत्न अनेकदा अपुरे पडतात आणि शेवटी शस्त्रक्रिया करावी लागते.

शिवाय ही नळी जठर आणि ड्युओडेनमपर्यंतच सहज पोहोचते. लहान आतड्याच्या टोकाशी बसलेल्या खड्यासाठी सहसा आतडं उघडूनच तो काढतात. म्हणून सीटी स्कॅन झाला की डॉक्टरांना आधी विचारावं, ‘खडा नेमका कुठे आहे?’ वर असेल आणि फोडून काढला, तरी रुग्णावर लक्ष ठेवावं लागतं, कारण निसटलेला तुकडा पुढे जाऊन खाली पुन्हा अडकू शकतो.